सेमेलवाइसचे घंगाळ

१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नात्स सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने एक नियम घातला: शवविच्छेदन करून येणाऱ्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याविना बाळंतिणीला स्पर्श करू नये. त्या एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. १८४८ साली हे प्रमाण शेकडा २ च्याही खाली आले. तरीही अनेक ज्येष्ठांनी त्याची उपेक्षा केली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

पुढे प्रतिजैविके आली आणि औषधावरचा भरवसा वाढला. परंतु पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तसेच घडले. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंसाठी मेथिसिलिन निघाले. १९६१ साली त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये आढळले.

या जंतूंना दुर्बळांच्या ठायी आश्रय मिळाला. अमेरिकेतील ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडचे खासगी इस्पितळ नव्हे, तर परावलंबी वृद्धांचे शुश्रूषागृह. तेथील रहिवाशांची इस्पितळात सतत ये-जा असते. लघवीची नळी, शय्याव्रण आणि शुश्रूषा करणारांचे हात, यांवाटे संसर्ग पसरतो. आजाराचे लक्षण नसता केवळ लघवीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविक दिले जाते, तेव्हा प्रतिकारक्षम जंतूंचेच फावते.

२०२३ साली कॅलिफोर्नियातील २८ शुश्रूषागृहांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या गृहांत वृद्धांना साध्या साबणाऐवजी क्लोरहेक्सिडीनने स्नान घातले आणि ठरावीक दिवशी नाकपुड्यांत पोव्हिडोन-आयोडीन लावले. इस्पितळात हलवाव्या लागलेल्यांपैकी संसर्गामुळे गेलेल्यांचे प्रमाण तेथे शेकडा ६३ वरून ५२ वर उतरले. इतर गृहांत ते जवळजवळ तेवढेच राहिले.

यात नवे औषध कोणतेच नव्हते. नवी औषधे हवीतच; परंतु त्यांचे आयुष्य प्रथम या साध्या सेवेवर अवलंबून आहे. वृद्धाला न्हाऊ घालणाऱ्या सेविकेला पुरेसा वेळ, पाणी आणि शिक्षण देणे हा खर्च किरकोळ मानून आपण टाळणार असू, तर व्हिएन्नातील त्या ज्येष्ठांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.