वैद्यकीय निबंध व संदर्भांची शिस्त

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें आरंभींच प्रतिज्ञा केली आहे कीं, ज्यास मूळ आधार नाहीं असें कांहींही आपण लिहिणार नाहीं. विद्वत्तेचा हा दंडक आपल्याकडे जुना आहे. परंतु आपल्या विधानास आधार असणें ही एक गोष्ट, आणि हजारों कोस दूर बसलेल्या परक्या वाचकास तो आधार स्वतः काढून तपासतां येईल अशा रीतीनें दाखविणें ही दुसरी. पहिलीस लेखकाचा प्रामाणिकपणा पुरतो. दुसरीस त्याच्या जोडीला सर्वांनीं मान्य केलेली एक पद्धति लागते. वैद्यकाच्या नियतकालिकांना अशी पद्धति बसविण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं. त्या शंभर वर्षांचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

विषय प्रथमदर्शनीं रुक्ष आहे, हें आम्हांस मान्य आहे. लेखकाचें आडनांव आधीं कीं नांव आधीं, सालापुढें अर्धविराम द्यावा कीं स्वल्पविराम, पृष्ठांक कसा लिहावा, असल्या प्रश्नांचा काथ्याकूट हें कारकुनाचें काम, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. पण काव्याच्या टीकाकाराचा संदर्भ चुकला तर फार तर एखाद्या वादांत त्याची फजिती होते. वैद्याचा संदर्भ चुकला तर त्याची किंमत, ज्यानें तो निबंध कधीं डोळ्यांनीं पाहिलाही नाहीं अशा रुग्णास द्यावी लागते. म्हणून हा प्रश्न केवळ छापखान्याचा नाहीं.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनीं १६६५ सालीं शास्त्रीय नियतकालिक सुरू केलें, तेव्हां त्यांतील पुष्कळसा मजकूर विद्वानांच्या पत्रांच्या रूपांत असे. टॉमस वाकली यांनीं १८२३ सालीं ‘लॅन्सेट’ काढलें, त्या काळींही वैद्य आपला अनुभव गोष्ट सांगावी तसा क्रमानें सांगत. पूर्वसूरींचा उल्लेख येई तो ‘अमुक पंडितांचें असें मत आहे’ एवढाच. वाचणारे थोडे आणि ग्रंथही थोडे, तोंवर हें चालून गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वैद्यकीय नियतकालिकांचें अमाप पीक आलें आणि ‘अमुक पंडित’ नेमका कोठें काय म्हणाला, हें शोधणें दुरापास्त झालें.

ह्या रानांत पहिली पायवाट पाडली ती अमेरिकन लष्कराच्या एका शल्यवैद्यानें. वॉशिंग्टन येथील सर्जन-जनरलच्या ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्यानें १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली. जगांत प्रसिद्ध होणारें नवें वैद्यकीय वाङ्मय विषयवारीनें नोंदवावयाचें, असा हा प्रचंड उद्योग होता. त्या नोंदींत नियतकालिकांचीं लांबलचक नांवें ठराविक संक्षेपानें दिलेलीं असत. पुढें वैद्यकीय लेखकांस नांवांच्या संक्षेपाचा जो वळसा पडला, त्याचें एक मूळ ह्या सूचींत आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८८१ सालीं, हार्वर्ड विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं एका बिनशंखी गोगलगायीच्या अंड्यांवर निबंध लिहिला. त्यांत त्यांनीं मजकुरांतच कंसांत ग्रंथकाराचें नांव व साल देऊन, पूर्ण माहिती शेवटच्या यादींत वर्णानुक्रमें दिली. ह्या रीतीस पुढें ‘हार्वर्ड पद्धति’ असें नांव मिळालें. तिच्या उलट वैद्यकांत रुळली ती अंकांची पद्धति: मजकुरांत फक्त १, २, ३ असे आंकडे, आणि शेवटीं त्याच क्रमानें संदर्भ. हार्वर्ड पद्धतींत कोणाचें मत व केव्हांचें, हें वाचतां वाचतांच कळतें. उलट अंकांच्या पद्धतींत वाक्याचा ओघ तुटत नाहीं. घाईंत वाचणाऱ्या डॉक्टरास दुसरी सोयीची वाटली, यांत नवल नाहीं.

निबंधाची अंतर्रचनाही ह्याच सुमारास घट्ट होत गेली. प्रास्ताविक, पद्धति, निष्कर्ष आणि चर्चा हे चार भाग विसाव्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत प्रमुख नियतकालिकांत दिसूं लागले आणि आठव्या दशकापर्यंत बहुतेक सर्व निबंध त्याच सांच्यांत लिहिले जाऊं लागले. सांचा म्हटला कीं साहित्यिकाचें कपाळ आठ्यांनीं भरतें. परंतु येथें सांच्याचा अर्थ असा कीं, काय केलें तें एकीकडे आणि त्यावरून काय वाटतें तें दुसरीकडे, अशी फारकत लेखकास करावीच लागते. प्रयोग आणि अभिप्राय यांची भेसळ करण्याचा मोह त्यामुळें पुष्कळसा आवरतो.

इतकें होऊनही प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ देण्याची तऱ्हा निराळीच राहिली. टंकलेखन यंत्राच्या त्या काळांत एका संपादकानें परत पाठविलेला निबंध दुसऱ्याकडे धाडावयाचा, तर संदर्भांची सारी यादी नव्यानें टंकित करावी लागे. सिअॅटलच्या विद्यापीठांत काम करणारी एक चिटणीस बाई ह्या व्यर्थ खटाटोपास कंटाळली आणि तिची तक्रार संपादकांच्या कानीं गेली. एका लहानशा मेजावरील ही कुरकुर पुढें जगभर पाळल्या जाणाऱ्या नियमांस कारण व्हावी, हें इतिहासाच्या स्वभावास धरूनच आहे.

जानेवारी १९७८ मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं कांहीं इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’चे एडवर्ड हुथ व ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे स्टीफन लॉक हे त्यांतील प्रमुख होत. त्यांनीं ठरविलेले एकरूप नियम १९७९ सालीं प्रसिद्ध झाले. संदर्भांचा नमुना त्यांनीं घेतला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा, म्हणजे कालांतरानें नांव पालटलेल्या बिलिंग्जच्याच ग्रंथालयाचा. १८७९ सालच्या पायवाटेचा शंभर वर्षांनीं असा राजमार्ग झाला.

ह्या पद्धतीचें सामर्थ्य एका मुंबईकर उदाहरणानें दाखवितों. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर उपयोग होतो, हें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं तेथील एका वैद्यकीय मासिकांत लिहिलें होतें. परदेशांत त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. पुढें मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं त्याच औषधावरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष तिकडे वेधलें. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनीं तें औषध लवकरच आपल्या रुग्णांवर वापरून पाहिलें. १९५२ सालीं बाझल येथें सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांतील रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. वकिलांचा तो निबंध आज जगांत कोठेंही शोधावयाचा झाला, तर त्यांचें नांव, निबंधाचा मथळा व मासिकाचें संक्षिप्त नांव यांपुढें ‘१९४९;११:३५०-५’ एवढें लिहिलें कीं पुरे. साल १९४९, खंड ११, पृष्ठें ३५० ते ३५५: अर्धविराम आणि अपूर्णविराम येथें शोभेसाठीं नाहींत; ते पत्त्यांतील गल्ली आणि घराचा क्रमांक आहेत.

एकदां एकत्र बसलेले संपादक विरामचिन्हांपाशीं थांबले नाहींत, ही ह्या इतिहासांतील विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट. निबंधावर लेखक म्हणून कोणाचें नांव यावें, याविषयीं त्यांनीं १९८५ सालीं नियम सांगितले. पुढें २००४ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, १ जुलै २००५ पासून सुरू होणाऱ्या औषधांच्या चांचण्या आरंभींच सार्वजनिक नोंदवहींत नोंदविलेल्या नसतील, तर त्यांवरील निबंध आपण छापणार नाहीं. प्रतिकूल निष्कर्ष गुपचूप दडपून टाकण्याच्या वाटेवर हा मोठाच अडसर झाला. भारतांतही २००७ सालीं अशी नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. संदर्भाच्या स्वरूपापासून निघालेली शिस्त अशी आचाराच्या शिस्तीपर्यंत पोंचली.

परंतु येथेंच एक इशारा द्यावयास हवा. पत्ता बिनचूक असला म्हणजे त्या घरीं कोणी जाऊन आला आहे, असें नव्हे. १९८० सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें बोस्टनच्या दोन संशोधकांचें अवघ्या पांच वाक्यांचें एक पत्र छापलें गेलें. इस्पितळांत राहून अफूच्या वर्गांतील औषधें घेतलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याचीं नीट नोंदलेलीं उदाहरणें फक्त चार सांपडलीं, एवढेंच त्यांत सांगितलें होतें. हे रुग्ण इस्पितळांतील देखरेखीखालचे होते; घरीं महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. पुढें ह्या पत्राचा आधार किती जणांनीं घेतला, हें कॅनडांतील संशोधकांनीं २०१७ सालीं मोजलें. संदर्भ भरले ६०८. त्यांपैकीं ४३९ ठिकाणीं व्यसन क्वचितच जडतें याचा पुरावा म्हणून तें पत्र पुढें केलेलें होतें, आणि ४९१ ठिकाणीं रुग्ण इस्पितळांतील होते हें सांगितलेंच नव्हतें. दरम्यानच्या काळांत अमेरिकेंत ह्या औषधांनीं असंख्य कुटुंबांची राखरांगोळी केली. त्या अनर्थाचें सारें खापर पांच वाक्यांवर फोडणें अन्यायाचें होईल. औषध खपविणाऱ्यांचा लोभ त्याहून मोठा होता. पण त्या लोभास विद्वत्तेचें पांघरूण मिळालें तें ह्या संदर्भांमुळें. त्यांचा अंक, साल व खंड यांत कोणासही दोष काढतां आला नसता. चुकला होता तो अर्थ.

सांप्रत तर स्वल्पविरामांची चिंता यंत्रच वाहतें. क्षणार्धांत शेंकडों संदर्भ हव्या त्या पद्धतींत बसवून मिळतात. इतकेंच नव्हे, तर प्रश्नांस उत्तरें देणाऱ्या नव्या संगणकीय साधनांनीं अस्तित्वांतच नसलेले निबंध निर्दोष स्वरूपांत रचून दिल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. स्वरूपाची शुद्धता हा एके काळीं लेखकानें घेतलेल्या श्रमाचा निदान थोडा तरी पुरावा असे. आतां तोही उरला नाहीं.

म्हणून व्हँकूव्हरचे नियम निरुपयोगी ठरले काय? आमच्या मतें नाहीं. त्या ६०८ संदर्भांची मोजदाद झाली ती तरी कशाच्या बळावर? प्रत्येक लेखकानें आपला आधार ठराविक पत्त्यासह लिहून ठेवला होता, म्हणूनच त्यांतील खोट कोणास तरी पुराव्यानिशीं दाखवितां आली. मोघम ‘तज्ज्ञांचें मत’ असें लिहिलेलें असतें, तर चूक कधींच पकडली गेली नसती. नियम लेखकास प्रामाणिक करीत नाहींत. त्याचा अप्रामाणिकपणा किंवा आळस उघडा पाडण्याचें साधन मात्र ते वाचकाच्या हातीं देतात. तें साधन वापरावयाचें तर कोणी तरी वाट चालून मूळ पृष्ठापर्यंत गेलें पाहिजे. त्या पांच वाक्यांच्या पत्रापर्यंत जाण्यास सदतीस वर्षें लागलीं; तें वाचण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत.