वाटणी नसलेले घर : रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’

धागा :

कौटुंबिक नाट्य म्हटले की मराठी वाचकापुढे आधी वाडा उभा राहतो. कर्ता पुरुष गेलेला, दागिन्यांचा हिशोब, भावाभावांतील अबोला. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) हे चित्र रंगभूमीवर कायमचे कोरले. त्याच्या चौदा वर्षे आधी मराठवाड्यात एक कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील घरात वाटून घेण्यासारखे काही नव्हतेच.

रा. रं. बोराडे यांचा जन्म १९४० चा, काटगावचा. काटगाव आणि मुरुड ही दोन्ही लातूर तालुक्यातील गावे. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि लातूर जिल्हा अस्तित्वात यायला अजून ४२ वर्षे होती. ‘पेरणी’ हा त्यांचा कथासंग्रह १९६२ मध्ये आला, ‘पाचोळा’ १९७१ मध्ये.

गंगाराम हा गावचा शिंपी. जुन्या गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. कपडे शिवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचे, असा तो व्यवहार. अशा माणसाची मिळकत म्हणजे हातातील कसब आणि चार घरांशी असलेला शब्द. तो शब्द ढळू लागला की माणूस घरात ताठ होतो. गंगारामचे तेच होते आणि बापलेकांत ठिणगी पडते.

येथे बोराडे यांनी घेतलेला निर्णय महत्त्वाचा. कथा बाप सांगत नाही, लेक सांगत नाही. सांगते ती पार्वती, गंगारामची बायको. नवऱ्याची बाजू घ्यावी तर लेक तुटतो, लेकाची घ्यावी तर नवरा. निवाडा देणे तिला परवडणारेच नाही. त्यामुळे वाचकालाही खलनायक सापडत नाही. (सापडला असता, तर कादंबरी निम्म्याने हलकी झाली असती.)

दुसरी गोष्ट भाषेची. ग्रामीण कथेत पात्रे बोलीत बोलत आणि लेखक प्रमाण मराठीत निवेदन करी, हा रुळलेला प्रघात. ‘पाचोळा’त निवेदनही पार्वतीच्याच बोलीत चालते. तिच्या दुःखाचा अर्थ सांगायला कोणी शहाणा मध्ये उभा नाही.

मराठीचे प्राध्यापक असलेले बोराडे पुढे औरंगाबादच्या देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.