आधी कोणते क्रियापद?

1906 साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा चौथा खंड बाहेर पडला. सर्वेक्षणाचे प्रमुख ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केलेल्या या खंडात मुंडा आणि द्राविड भाषा होत्या, आणि त्यांतच चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंडीचे नमुनेही. सर्वेक्षणाचा नेम कडक होता. बोली कोणतीही असो, तिच्यातून बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घ्यायची आणि 241 शब्द-वाक्यांची ठरलेली यादी भरून घ्यायची. माप एकच ठेवले की भाषांची तुलना करता येते, हा त्यामागचा हिशेब.

या यादीत क्रियापद चालवून दाखवण्यासाठी मुख्यतः निवडले होते ‘मारणे’. मी मारतो, तू मारतोस, तो मारतो. मग मारत होतो, मारले होते, मारीन. शेवटी मार खाणाऱ्याची रूपे. जंगलातल्या माणसाला साहेबाच्या माणसाने विचारलेल्या पहिल्या क्रियापदांपैकी एक हे असावे, याची गंमत वाटते; पण त्यामागे खोडसाळपणा नव्हता. मारणाऱ्याला मार खाणारा लागतो, म्हणजे कर्म आपसूक येते आणि कर्मणी रूपेही काढता येतात. अरबी व्याकरणातही झैदने अम्रला मारल्याचे उदाहरण शतकानुशतके चालत आले आहे. लॅटिनच्या मास्तरांनी मात्र ‘प्रेम करणे’ पसंत केले होते.

नवख्याला भाषा शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तकामागे असा कोणीतरी संपादक असतो. पहिले क्रियापद कोणते, पहिला काळ कोणता, उदाहरणात आंबा घ्यायचा की सफरचंद, आणि समजावून सांगायचे कोणत्या भाषेत, हे तो ठरवतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी हे निर्णय बहुतेक वेळा फार लांब घेतले गेले.

नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. 1874 मध्ये गोदावरीकाठचा तेलुगू बोलणारा सिरोंचाही त्याला जोडला गेला. पश्चिमेला मराठी, दक्षिणेला तेलुगू आणि पूर्वेच्या रानात गोंडी-माडिया असा हा जिल्हा. बहुतेक शाळांची भाषा मराठी होती, आणि इंग्रजी आली ती मराठीच्या खांद्यावर बसून.

त्या मराठीचे शालेय व्याकरणही इंग्रजीच्या साच्यातून निघालेले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ काढले, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडली मरेच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे ‘तर्खडकर’ हे आडनाव महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याशीच जोडले गेले ते भाषांतर पाठमालेमुळे. धड्याच्या सुरुवातीला शब्द, मग नियम, मग वाक्ये. मराठीचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. पाठमालेचा हा शिरस्ता कोरडा वाटेल, पण त्याला शिस्त होती. नियम सांगितला की त्यावरची वाक्ये लगेच येत, आणि न शिकवलेला शब्द सहसा मध्येच टपकत नसे. मास्तर नसलेल्या गावातही ही पुस्तके घेऊन लोक इंग्रजी शिकले.

दुसरी परंपरा याद्यांची. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ, ‘बो जेस्ट’ या कादंबरीचे लेखक. त्यांनी आणि एच. मार्टिन यांनी मिळून केलेले व्याकरण 1930 च्या दशकात आले आणि आजही दुकानात मिळते. अशा व्याकरणांत अनियमित क्रियापदे वर्णानुक्रमे लावलेली असतात. त्यामुळे यादीच्या माथ्यावर ‘अबाइड–अबोड–अबोड’ येते, आणि ‘गो–वेंट–गॉन’ला रांगेत बरेच खाली उभे राहावे लागते. पोर पहिल्याच दमात जे पाठ करते, ते त्याला जन्मात वापरावे लागत नाही.

यावर उतारा शोधणाऱ्यांपैकी मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षणखात्यात होता. बंगाली मुलांसाठी वाचनमाला तयार करताना त्याने ठरवले, की शब्द वर्णानुक्रमे न घेता वापर पाहून निवडायचे आणि नवे शब्द मोजून, हळूहळू आणायचे. 1953 मध्ये त्याची सुमारे 2000 शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. त्याचाच समकालीन हॅरॉल्ड पामर याने जपानमध्ये कृतीतून क्रियापद शिकवण्यावर भर दिला. ‘मी दाराकडे जात आहे’ असे म्हणायचे ते चालत चालतच. ही पद्धत स्वातंत्र्यानंतर भारतीय शाळांतही आली.

वेस्ट-पामर चाचपडत होते त्याच सुमारास चांद्याच्या अगदी वेशीवर वेगळाच प्रयोग झाला. आजचा राजुरा-जिवती भाग तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा बंडखोर नेता कुमरम भीम मारला गेला, तेव्हा कुठे हैदराबाद सरकारला गोंडांची आठवण झाली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ पत्नीसह मारलावाई या गोंड गावात येऊन राहिले. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. पोरांसाठी वाचनपुस्तके गोंडीत झाली, लिपी मात्र देवनागरी घेतली. राज्याची भाषा उर्दू, बाजाराची मराठी. पण पहिले वाक्य घरच्या भाषेतले, आणि शिकवणारा मास्तर गोंडच.

या कामाला एका मराठी माणसाचा हात लागला. सेतुमाधवराव पगडी (1910–1994) मूळचे निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी. आदिलाबादेत असताना ते गोंडी शिकले. 1949 मध्ये त्यांचे ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ निघाले आणि 1954 मध्ये गोंडीचे व्याकरण. पुढे शिवकालाचे अभ्यासक आणि महाराष्ट्र गॅझेटियरचे संपादक म्हणून त्यांचे नाव झाले. गोंडी क्रियापदांची रूपे जुळवत बसलेले पगडी मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाहीत. हे व्याकरणही इंग्रजीत होते, म्हणजे साहेबाने किंवा शिकलेल्याने वाचावे असे. मारलावाईचा प्रयोग हैदराबाद संस्थानाबरोबरच ओसरला. त्या बाजूच्या शाळांतून गोंडी गेली आणि तेलुगू आली. 1956 च्या भाषावार रचनेत राजुरा मराठी मुलखात आला आणि 1959 पासून चांदा जिल्ह्याचा झाला.

गोंडी क्रियापदाकडे जरा जवळून पाहिले, की शाळेत काय निसटले ते कळते. मराठीत मुलगा पान तोडतो; पण भूतकाळात मुलाने पान तोडले, पाने तोडली, फांदी तोडली. क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जाते. मराठी पोराला इंग्रजी शिकवताना मास्तरांना म्हणूनच बजावावे लागते, की पान एक असो वा दहा, तिथे ‘प्लक्ड’च राहते. गोंडी द्राविड कुळातली. तिचे क्रियापद भूतकाळातही कर्त्यालाच धरून चालते. म्हणजे या बाबतीत माडिया मुलाची भाषा मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची आहे. ज्या वळणावर मराठी पोर अडखळते तिथे त्याला अडखळण्याचे कारणच नाही.

त्याची अडचण दुसरीकडे आहे. गोंडीत एकवचनात पुरुष एका बाजूला, आणि बाई, गाय, झाड सगळी दुसऱ्या बाजूला असतात. मराठीची तीन लिंगे आणि इंग्रजीचे ‘ही–शी–इट’ त्याला नव्याने शिकावे लागतात. नकारासाठीही गोंडी क्रियापदाची वेगळी, कर्त्याप्रमाणे बदलणारी रूपे आहेत. इंग्रजीत मात्र बहुतेक क्रियापदांना ‘डू’ किंवा ‘डज’ मध्ये घातल्याशिवाय साधे ‘नाही’ म्हणता येत नाही. भामरागड-एटापल्लीकडच्या वर्गात फळ्यावर तीन रकाने आखून ‘गो–वेंट–गॉन’ लिहिले जाते आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला जातो, तेव्हा मूल एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकत असते. मराठी मुलाच्या चुका गृहीत धरून रचलेला धडा त्याला जे येते ते शिकवतो आणि जे येत नाही ते सोडून देतो.

पुण्यात 27 जानेवारी 1967 रोजी बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक जाऊ लागले. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. जून 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. पुस्तकातली चित्रे वाढली, पाठांतर कमी झाले, कृती आली. पण सहा वर्षांचे माडिया मूल आता मराठी आणि इंग्रजी दोन्हींना एकाच वर्षी सामोरे जाऊ लागले.

गोंडी शिकवायची तर कोणती, हाही प्रश्न होताच. आदिलाबादची, बस्तरची आणि गडचिरोलीची गोंडी एकमेकींपासून दूर गेलेल्या आहेत. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून अधिक भरले; ते अनेक राज्यांत विखुरलेले, आणि भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर. 2014 पासून वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून एका वस्तूचे आपापले शब्द मांडले आणि त्यातून प्रमाण शब्दकोश तयार केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच्या पुढच्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ या नावाने. मराठी आणि इंग्रजी तिथेही शिकवतात. मात्र समजावून सांगण्याची भाषा गोंडी. शिक्षण विभागाने तिला बिगरमान्यतेची ठरवल्यावर ग्रामसभेने मातृभाषेतल्या शिक्षणासाठी घटनेतल्या कलम 350 अ चा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार घेतला, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.