माळ्यावरचा आवाज

कोकणातल्या जुन्या घराचा माळा म्हणजे एक दप्तरखानाच असतो. मोडका पाळणा, पोचे आलेली भांडी आणि एखाद्या कोपऱ्यात रुमालात बांधलेले कागद. इतिहासाचार्य राजवाडे असेच रुमाल शोधत गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ते २२ खंड झाले. त्यातले पुष्कळसे कागद लोकांनी घरात जपले म्हणूनच हाती लागले.

मंडणगडच्या आमच्या माळ्यावर रुमाल नव्हता. पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात साठ कॅसेटी.

आमचा तालुका चाकरमान्यांचा. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बोटीवर. पुढे आखाताची वाट खुली झाली. माझे थोरले भाऊ १९८१ साली तिकडे गेले. अम्माला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि मी शाळकरी पोरगा पत्र लिहायचो. दोन वर्षांनी भाऊ रजेवर आले ते टू-इन-वन घेऊन. माझी लेखनिकाची नोकरी त्या दिवशी संपली!

आवाज साठवण्याची विद्या तशी जुनी. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान तबकडीसाठी गायल्या. पण तबकडीवर आवाज उमटायचा तो नामवंतांचा. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि रेकॉर्डिंगचं बटण साध्यासुध्या माणसाच्या हाती आलं. आमची अम्मा त्या यंत्रासमोर बसून भावाशी बोलायची. बकरी व्याली, पागोळ्या लागल्या, अमक्याच्या मुलीचं ठरलं. मागं कोंबडा आरवतोय, पाऊस कोसळतोय. पत्रात मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

अम्मा २००९ मध्ये गेली. कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. २०१८ साली पुतण्या म्हणाला, “चाचा, हे सगळं आता उतरवून घेऊ या.” त्यानं अडगळीतला जुना संगणक घेतला, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क जोडली. म्हणाला, “हा आपला घरचा सर्व्हर.”

सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी, एवढं मला समजलं. घरातल्या कुणीही आपल्या फोनवरून मागावं, त्यानं वाढावं. तासाभराची एक कॅसेट एमपी-थ्री रूपात साधारण ५८ एमबी जागा घेते. म्हणजे साठ कॅसेटींना साडेतीन जीबी. हजार जीबीच्या डिस्कचा एक कोपराही भरत नाही. २०१२ साली रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आला. एवढ्या कामाला तोही पुरतो आणि वीज थोडीच खातो.

आवाज उतरवायला मात्र कॅसेटच्या लांबीइतकाच वेळ लागतो, तिथं घाई चालत नाही. पुतण्या सुट्टीत यायचा, नंबरवारीनं एकेक कॅसेट लावायचा. अडतीस झाल्या. त्यांची एक प्रत तो पुण्याला घेऊन गेला. उरलेल्या बावीस पुढच्या सुट्टीत करू, असं ठरलं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. सावित्री ओलांडली की आमचा तालुका. दुपारपर्यंत आमच्या घरावरची कौलं उडाली. पेटी भिजली, संगणक भिजला, डिस्कही गेली. आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती, त्यामुळे काय वाचलं हेही कळेना. पुढे पुतण्यानं पुण्याहून फोन केला आणि फोनवरच अम्माचा आवाज ऐकवला, “पावस लागलाय रे...” मी छप्पर नसलेल्या पडवीत उभा होतो.

अडतीस वाचल्या त्या दुसऱ्या गावी दुसरी प्रत होती म्हणून. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी उरली, असं परंपरा सांगते. आमच्याकडे हाफिज कुराण पाठ करतात, तेही याच शहाणपणातून. एका जागी ठेवलेलं ते ठेवलेलं नव्हेच.

बावीस गेल्या. त्यांत अम्मानं भावाच्या लग्नात गायलेली हळदीची गाणी होती. आमच्या घरात ती आता कुणालाच पुरती येत नाहीत. आम्ही नंबरवारीनं गेलो, तिथं चुकलो. तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर जी गेली तर सर्वांत जास्त रडाल, ती कॅसेट आधी लावा.