ढवळले की बदलणारे द्रव

मध पाण्याच्या काही हजार पट घट्ट असतो, तरी भौतिकशास्त्राच्या हिशेबात तो पाण्याच्याच जातीचा. तापमान तेच ठेवून तो हळू ढवळा की जोरात, त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला आतून होणारा विरोध, तेवढीच राहते. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा विरोध त्यांच्या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात असतो, असे न्यूटनने १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'त गृहीत धरले होते. पाणी, मध, साखरेचा पाक हे नियमाने वागणारे न्यूटनीय द्रव. केचप, रंग, टूथपेस्ट, शाम्पू, अंड्याचा बलक आणि आपले रक्त मात्र या नियमात बसत नाही.

असे का, याचे उत्तर घट्टपणात नाही, द्रवाच्या आतल्या रचनेत आहे. पाण्याचे रेणू सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात आपली मांडणी बदलतात. मधाला जरा अधिक वेळ लागतो, पण चमच्याच्या गतीपुढे तोही नगण्य. म्हणजे ढवळण्याचा कोणताही ठसा त्यांच्यात उरत नाही. द्रवात मोठे कण, लांब साखळ्या किंवा पेशी असतील, तर मात्र त्यांना सावरायला लागणारा वेळ आणि आपण ढवळण्याचा वेग यांची गाठ पडते. अन्यूटनीय द्रवांचे सगळे चमत्कार या गाठीतून निघतात, असे मला वाटते. एकच पदार्थ घेऊन ते पाहता येते.

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी घातले की पांढरा, ओघळणारा द्रव तयार होतो. बोट हळूच बुडवले तर सहज आत जाते. त्यावर मूठ आपटली तर मूठ वरच अडते. स्टार्चचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे असतात आणि इथे ते दाटीवाटीने बसलेले असतात. शांत असताना पृष्ठभागांमधले सूक्ष्म अपकर्षण त्यांना एकमेकांपासून किंचित दूर ठेवते, मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि कण विनासायास घसरतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की हा पापुद्रा फाटतो, कण कणाला भिडतो आणि घर्षण सुरू होते. इतक्या दाटीत घर्षण आले की सगळेच अडकते.

घर्षणाची ही कल्पना गेल्या दशकात पुढे आली. २०१७ साली फ्रान्समधील संशोधकांनी सिलिकाचे बारीक कण पाण्यात घेऊन तिची फार सुरेख परीक्षा घेतली. साध्या पाण्यात त्या कणांचा ढीग अगदी कमी उतारावरही वाहत होता, जणू घर्षणच नाही. पाण्यात मीठ मिसळल्यावर अपकर्षण झाकले गेले, ढीग नेहमीच्या वाळूसारखा उभा राहू लागला आणि जोर वाढवल्यावर घट्ट होण्याचा गुणही नाहीसा झाला. कण आधीपासूनच भिडलेले असतील, तर नव्याने भिडण्यासारखे काही उरतच नाही.

कॉर्नफ्लोअर कालवून भरलेल्या हौदावरून माणूस धावत जाऊ शकतो. त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. शिकागो विद्यापीठातील प्रयोगांवरून २०१२ साली दाखवले गेले, की आघातासरशी पायाखाली अडकलेल्या कणांचा एक घन गठ्ठा तयार होतो आणि तो खाली व बाजूला झपाट्याने वाढत जातो. माणूस त्या तात्पुरत्या गठ्ठ्याच्या आधाराने उभा असतो. थांबला की गठ्ठा सुटतो आणि पाय रुततात.

आता तेच कॉर्नफ्लोअर थोड्या प्रमाणात, गार पाण्यात कालवून मंचाव सूपमध्ये घाला. ६०–७० अंश सेल्सिअसच्या सुमारास कण पाणी पिऊन अनेक पटींनी फुगतात, मऊ होतात आणि त्यांच्यातून अमायलोजच्या लांब साखळ्या बाहेर पडतात. (कोरडे पीठ थेट उकळत्या सुपात टाकले तर गोळ्याचा बाहेरचा थर आधी फुगून आतल्या पिठाकडे जाणारे पाणी अडवतो, म्हणून गुठळ्या होतात.) शिजलेल्या पिठाची वागणूक कच्च्याच्या बरोबर उलटी. जोरात ढवळले की मऊ कण चेपतात, साखळ्या प्रवाहाच्या दिशेने लांबतात आणि सूप पातळ होते. थांबले की पुन्हा दाटते. पीठ तेच, पाणी तेच, बदलली ती रचना. माझ्या मते हा विषय शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

केचप याच्याही पुढचे. त्यात टोमॅटोच्या गराचे तंतू आणि पुष्कळदा झँथन गम यांचे जाळे असते. एका किमान जोरापर्यंत ते घन पदार्थासारखे जागचे हलत नाही. भिंतीला लावलेला रंग ब्रशखाली पसरतो आणि ब्रश उचलल्यावर ओघळत नाही, तेही अशाच गुणामुळे.

लांब साखळ्या नुसत्या वाकत नाहीत, ताणल्या की मागेही खेचतात. भांड्यात फिरणाऱ्या दांड्याभोवती पाणी खोलगट होते. अंड्याचा पांढरा बलक मात्र दांड्यावर चढतो. गोल फिरताना ताणलेल्या प्रथिनसाखळ्या द्रवाला मध्याकडे आवळतात आणि त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. कार्ल व्हायसेनबर्ग यांनी १९४० च्या दशकात हा परिणाम अभ्यासला.

या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा द्रव रक्त. त्याचा जवळजवळ निम्मा भाग पेशींचा असतो. प्रवाह मंद असला की फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या साहाय्याने तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होते. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाला समांतर वळतात आणि श्यानता पाण्याच्या तीन-चार पटींवर येऊन ठेपते. फाराउस आणि लिंडक्विस्ट या संशोधकांना १९३१ साली आणखी एक गोष्ट दिसली. साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त जणू अधिकच पातळ होते, कारण पेशी मध्यभागी सरकतात आणि भिंतीलगत प्लाझ्माचा निसरडा थर उरतो. या दोन्ही गुणांमुळे हृदयावरचा भार हलका होतो.

प्रयोगशाळेत होणारी ईएसआर तपासणी याच चळतींवर आधारलेली आहे. शरीरात कुठे दाह असला की फायब्रिनोजेन वाढते, चळती मोठ्या होतात, आणि उभ्या नळीत स्थिर ठेवलेल्या रक्तात त्या तासाभरात अधिक खाली बसतात. किती मिलिमीटर खाली, हाच रिपोर्टवरचा आकडा.