काळ्या कणांची साक्ष

रोम शहराभोंवतींच्या दलदलीच्या प्रदेशांत हिवतापानें शेंकडों वर्षें माणसें मरत आलीं होतीं. इ. स. १८७९ सालीं एडविन क्लेब्स व कोराडो तोमासी-क्रुदेली या दोन पंडितांनीं तेथील मातींतून काडीसारखा एक जंतु वेगळा काढला, तो सशांना टोंचला, आणि सशांना ताप आलेला पाहून हिवतापाचें मूळ सांपडल्याचें जाहीर केलें. त्या जंतूला ‘बॅसिलस मलेरी’ असें नांवही मिळालें. हें त्या काळीं सहज पटण्यासारखें होतें. कॉखनें १८७६ सालीं अँथ्रॅक्सचा बॅक्टेरिया सिद्ध केला होता. तेव्हां प्रत्येक सांथीमागें एखादा बॅक्टेरिया असावयाचाच, अशी विद्वानांची समजूत होऊं लागली होती.

शिवाय सूक्ष्म जीवांची प्रतवारीही अजून कच्चीच होती. १८६६ सालीं हेकेलनें वनस्पति व प्राणी यांखेरीज ‘प्रोटिस्टा’ हें तिसरें राज्य कल्पिलें, परंतु त्यांत त्यानें आदिजीवांबरोबर बॅक्टेरियांनाही एका कोपऱ्यांत बसविलें.

अल्जीरियांतील कॉन्स्टंटीन येथें असलेल्या लाव्हेरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरचें लक्ष मात्र मातीकडे नव्हतें. हिवतापानें मेलेल्यांच्या प्लीहेंत काळा रंग सांचतो, ही गोष्ट पूर्वींच ठाऊक झालेली होती. हा रंग येतो कोठून, एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. ६ नोव्हेंबर १८८० रोजीं त्यानें एका आजारी शिपायाचें ताजें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवलें. कांहीं गोल पिंडांत काळे कण होते, आणि एका पिंडाच्या कडेला दोऱ्यांसारखे बारीक अवयव इतक्या जोरानें वळवळत होते कीं, शेजारच्या तांबड्या पेशी हालत होत्या. हा जिवंत प्राणी आहे, हें त्यानें ओळखलें. रक्त वाळवून रंगविलें असतें, तर ती वळवळ त्याला दिसलीच नसती.

१८८२ सालीं तो रोमला गेला. तेथील पंडितांना ते पिंड म्हणजे बिघडलेल्या तांबड्या पेशी वाटल्या! पुढें १८८५-८६ सालीं पाव्हियाच्या गोल्जीनें दाखविलें कीं, रोग्याला थंडी भरते ती वेळ आणि रक्तांतील पिंड फुटण्याची वेळ एकच असते. मग क्लेब्सचा जंतु मागें पडला.

कणांचा अर्थ मागाहून उलगडला. बॅक्टेरियाला ताठ भिंतीचें आवरण असतें; घन अन्न गिळण्याची त्याला सोय नाहीं. तो पाचक रस बाहेर सोडतो आणि विरघळलेलें तेवढें शोषून घेतो. हिवतापाचा आदिजीव तांबड्या पेशींत शिरून तिच्यांतील हिमोग्लोबिन गिळतो, स्वतःच्या अंगांतील पोकळींत पचवितो, आणि न पचणारा लोहयुक्त भाग काळ्या कणांच्या रूपानें टाकतो. ते कण म्हणजे त्याच्या जेवणाचें खरकटें होय. त्याला पडद्यानें वेढलेलें केंद्रकही असतें, बॅक्टेरियाला तसें नसतें. हा भेद स्टॅनिअर व व्हान नील यांनीं व्याख्येच्या रूपानें मांडला तो १९६२ सालीं. रोग्यांना तितका वेळ थांबणें शक्य नव्हतें.

कारण प्रश्न औषधाचा होता. क्विनीन दिल्यावर हे पिंड रक्तांतून नाहींसे होतात, असें लाव्हेरांला आढळलें. तें औषध पिंडाच्या पचनक्रियेंतच बिघाड करतें, असें आज मानतात. विषमज्वर हा मात्र बॅक्टेरियाचा रोग; तेथें क्विनीन व्यर्थ. पण दोन्ही तापांचे रोगी वरून सारखेच दिसत, आणि दोहोंची गल्लत डॉक्टरांकडूनही होई. रक्ताचा एक थेंब तपासून ती मिटूं लागली. पेनिसिलिनची गोष्ट उलट आहे. तें बॅक्टेरियाच्या भिंतीवर घाव घालतें, आणि हिवतापाच्या जीवाला तशी भिंतच नाहीं.

हा जीव माणसाच्या रक्तांत शिरतो कसा, हें कोडें राहिलें होतें. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस, रोग्याचें रक्त प्यालेले डास चिरून पाहत होता. एका डासाच्या जठराच्या भिंतींत त्याला कांहीं गोल पेशी दिसल्या. त्या डासाच्या स्वतःच्या नव्हेत, हें त्यानें कशावरून ओळखावें? त्यांच्यांत तेच काळे कण होते.