पेयोटे

(लॅ. लोफोफोरा विल्यम्साय, कुल : कॅक्टेसी). काटे नसलेला, निळसर हिरवा, गोल चपटा निवडुंग. उत्तर मेक्सिको आणि टेक्ससचा दक्षिण भाग येथील रखरखीत, चुनखडीच्या जमिनीत तो झुडपांच्या आडोशाला वाढतो. काट्यांच्या जागी लोकरीसारखे झुपके, मध्यभागी फिकट गुलाबी फूल आणि जमिनीखाली मुळ्यासारखे जाड मूळ. कापून वाळवलेला माथा चघळतात किंवा त्याचा काढा करतात. चव अतिशय कडू. ओकारी बहुधा येतेच.

त्यातील मुख्य अल्कलॉइड मेस्कॅलिन. कायद्याच्या यादीत ते अमली पदार्थांत बसत असले, तरी त्याने गुंगी येत नाही. रंग, आकार व काळ यांची जाणीव दहा-बारा तास पालटलेली राहते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये या वनस्पतीतून वेगळी केलेली अल्कलॉइडे एकेक करून स्वतः घेतली आणि परिणाम मेस्कॅलिनचाच, हे ठरवले. अशी पद्धत आज कोणतीही प्रयोगशाळा मान्य करणार नाही. १९१९ मध्ये एर्न्स्ट श्पेट यांनी मेस्कॅलिन कृत्रिम रीतीने तयार केले. इंग्रज लेखक आल्डस हक्सली यांनी १९५३ मध्ये घेतले ते मेस्कॅलिन, निवडुंग नव्हे.

मेक्सिकोतील हुइचोल लोक त्याला 'हिकुरी' म्हणतात. त्यासाठी ते विरिकुता या पवित्र प्रदेशाची वारी करतात. हिकुरी म्हणजे त्यांच्या लेखी हरीणच. म्हणून पहिला सापडला की त्यावर बाण सोडतात.

स्पॅनिश धर्मन्यायपीठाने १६२० मध्ये पेयोटेवर बंदी घातली. वापर थांबला नाही. अमेरिकेत १९१८ मध्ये ओक्लाहोमात पेयोटे विधीत वापरणाऱ्या नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर नोंदणी झाली. पुढे ऑरेगनमध्ये धार्मिक विधीत पेयोटे खाल्ल्यामुळे दोन व्यसनमुक्ती समुपदेशकांची नोकरी गेली. त्यांना बेकारी भत्ता नाकारणे घटनेविरुद्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९९४ च्या कायदादुरुस्तीने मूळनिवासी जमातींना धार्मिक वापराची मुभा मिळाली. भारतात मेस्कॅलिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली व मनोप्रभावी पदार्थ) कायद्याखाली येते.

लागवड : बियांपासून होते; वाढ फार मंद.

माथा जमिनीलगत अलगद कापला, तर मुळाला नवे कोंब फुटतात. घाईने खोल कापला, तर झाडच मरते. पुरवठा बहुतांशी रानातूनच होत असल्याने ही जाती आता असुरक्षित गणली जाते.